व्यक्तिचित्र वाचायचं कसं? चेहरा, ओळख आणि पुरावा



मराठीत 'व्यक्तिचित्र' हा शब्द दोन विभागांत चालतो. कला महाविद्यालयातला विद्यार्थी हा शब्द वापरतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे कॅनव्हास असतो आणि समोर बसलेला माणूस. मराठी विभागातला विद्यार्थी तोच शब्द वापरतो तेव्हा त्याच्या डोक्यात 'व्यक्ती आणि वल्ली' असतं, 'माणदेशी माणसं' असतं. म्हणजे रंगांनी काढलेल्या माणसाला आणि शब्दांनी उभ्या केलेल्या माणसाला आपण एकच नाव दिलंय. पण अभ्यास करताना हे दोघं एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. कलेतिहासवाला बखर उघडत नाही आणि साहित्यवाला संग्रहालयात जात नाही.

आज मला हे दोन विभाग एकत्र आणून एक साधा प्रश्न विचारायचाय: व्यक्तिचित्र हा इतिहासाचा पुरावा आहे का, आणि असेल तर कशाचा?

प्रश्न सोपा वाटतो, पण सिनॉप्सिस लिहिताना तो फार महत्त्वाचा ठरतो. 'अमुक व्यक्ती अशी दिसत होती' हे सांगायला आपण चित्र जोडतो आणि पुढे जातो. चित्र म्हणजे जणू खिडकी, पलीकडे माणूस उभा आहे. खरं तर चित्र ही कुणीतरी, कुणासाठी तरी, कुणाच्या तरी पैशानं करवून घेतलेली वस्तू असते. हे विसरलं की ज्यांना चित्र काढून घेणं परवडलं त्यांचाच इतिहास आपण लिहीत बसतो. बाकीचे गायब.

आधी शब्दांतला माणूस

मराठीपुरतं बोलायचं तर माणसाचं सविस्तर चित्र रंगांत यायच्या कितीतरी आधी शब्दांत आलं. तेराव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' रचलं. चक्रधरस्वामी निघून गेल्यानंतर त्यांच्या आठवणी गोळा करण्याचं हे काम. मराठी गद्याची सुरुवात सांगताना आपण या ग्रंथाचं नाव घेतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो, कारण नेट-सेटला तेवढंच विचारतात. पण संशोधकानं तिथं थांबून बघायला हवं. म्हाइंभट एका माणसाचं चित्र कसं उभं करतात? त्या त्या प्रसंगी जे हजर होते त्यांच्याकडे जाऊन, विचारून, लिहून. प्रसंग कुठं घडला, कोण होतं, स्वामी काय म्हणाले, काय खाल्लं, कुठं बसले. चेहऱ्याचं वर्णन हा तिथं मुख्य मुद्दा नाहीच. माणूस कळतो तो त्याच्या वागण्यातून आणि समोरच्याशी झालेल्या बोलण्यातून.

आजच्या भाषेत याला आपण मौखिक इतिहास म्हणू. आणि म्हाइंभटांच्या ग्रंथाचं पुढे जे झालं तेही आपल्या कामाचं आहे. मूळ प्रत हरवली, मग अनुयायांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली आणि त्यातून वेगवेगळे पाठ तयार झाले. म्हणजे आज आपल्या हातात जे आहे ते चक्रधरांचं चित्र तर आहेच, पण 'आम्ही त्यांना कसं आठवतो' याचंही चित्र आहे. ही दोन चित्रं वेगळी करता येत नाहीत. व्यक्तिचित्राचा हा पहिला धडा: त्यात नेहमी दोन माणसं असतात, एक ज्याचं चित्र आहे तो आणि दुसरा ज्यानं ते केलं तो.

साम्य नसलेली चित्रं

अरबी-फारसीत 'शबीह' म्हणतात, म्हणजे साम्य, हुबेहूबपणा. आपण चित्राची परीक्षा याच कसोटीवर करतो: 'अगदी तसाच दिसतो बघा.' पण ही कसोटी सगळ्या काळाला लावता येत नाही.

मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या गावात जा. देवळाच्या मागं, पारावर, बारवेच्या कडेला वीरगळ पडलेले दिसतील. वीरगळ वाचायची पद्धत ठरलेली आहे: खालून वर. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई आणि मरण, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेतायत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतोय आणि अगदी वर चंद्र-सूर्य, म्हणजे ही कीर्ती ते असेपर्यंत टिको. हा एका खऱ्या माणसाचा दगड आहे, पण त्यावर चेहऱ्याचं साम्य नाही आणि बहुतेक वेळा नावही नाही. शेजारच्या गावातला वीरगळ अगदी असाच दिसतो. मग याला व्यक्तिचित्र म्हणायचं का?

माझं म्हणणं, म्हणायचं. कारण ज्या गावानं तो उभा केला त्या गावाला तो कोण हे माहीत होतं. ओळख दगडात नव्हती, गावाच्या आठवणीत होती. दगड फक्त त्या आठवणीला जागा देत होता. आठवण संपली तेव्हा व्यक्तिचित्र संपलं आणि उरला तो शेंदूर लावलेला दगड.

देवघरातले टाक घ्या. चांदीच्या छोट्या पत्र्यावर ठसा उठवलेला. कुलदैवताचे टाक असतात तसे काही घरांत पूर्वजांचेही असतात. पूर्वजाचा टाक बघून आजोबांचं नाक कसं होतं हे कुणाला कळत नाही. पण दसरा-दिवाळीला तो टाक उजळला जातो, त्याला आंघोळ घातली जाते, नैवेद्य दाखवला जातो. तिथं साम्याची गरजच नाही, उपस्थितीची आहे. आजोबा 'आहेत', एवढं पुरे.

इथं एक नावाचा गोंधळ आधीच सोडवून टाकतो. परभणीहून पूर्णेकडं जाताना लागणारं स्टेशन ते आपलं पिंगळी. चित्रकथीसाठी प्रसिद्ध आहे ती सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळची पिंगुळी. इंटरनेटवर शोधताना ही दोन गावं सतत एकमेकांत मिसळतात, तळटिपेत गावाचं नाव लिहिताना जिल्हा लिहायची सवय ठेवा. पिंगुळीच्या ठाकर समाजातल्या कलावंतांनी चित्रकथी जपली. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्या चित्रांतही राम कोण, रावण कोण हे चेहऱ्याच्या साम्यावरून कळत नाही. मुकुट, शस्त्र, उभं राहण्याची ढब आणि कथा सांगणाऱ्याचा आवाज यांवरून कळतं. म्हणजे चित्र एकटं पुरेसं नाही, बोलणारा लागतो. व्यक्तिचित्राचे रंग आणि शब्द असे दोन विभाग पाडायच्या आधी ते एकत्रच होते.

पुण्यातला साहेब चित्रकार

समोर बसवून, तेलरंगांत, हुबेहूब चित्र काढण्याची युरोपीय पद्धत मराठी दरबारात ठळकपणे दिसते ती अठराव्या शतकाच्या अखेरीस. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत आला आणि १७९२ मध्ये पुण्यात पोचला. पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट होता चार्ल्स मॅलेट. त्याच्या ओळखीमुळे वेल्सला दरबाराचे दरवाजे उघडले. त्यानं सवाई माधवराव पेशव्यांचं, नाना फडणविसांचं, महादजी शिंद्यांचं चित्र काढलं. पेशवे आणि नाना शेजारी बसलेले, मागं सेवक, असं त्याचं एक मोठं चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे.

हे चित्र समोर ठेवून फक्त 'नाना कसे दिसत' असं विचारलं तर उत्तर एका ओळीत संपतं. प्रश्न बदलून बघा. १७९२ मध्ये पेशवे १८ वर्षांचे. कारभार नानांच्या हातात. मग दोघांना एकाच चौकटीत बसवणं ही राजकीय गोष्ट झाली. कोण किती उंच बसलंय, कोण कोणाकडे बघतोय, हे प्रश्न सौंदर्याचे नाहीत, सत्तेचे आहेत. आणि चित्र काढवण्यात इंग्रज रेसिडेंटाला रस का? कारण लंडनला दाखवायला त्याला दरबार हवा होता.

हे आणखी स्पष्ट दिसतं ते दुसऱ्या एका चित्रात. मॅलेट पेशव्यांच्या दरबारात १७९० चा तह करतोय, असं टॉमस डॅनियलचं भव्य चित्र आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. ते पूर्ण झालं १८०५ मध्ये. आता तारखा लावून बघा. तह १७९० चा. वेल्स पुण्यात आला १७९२ मध्ये, म्हणजे तहाच्या वेळी तो तिथं नव्हता. त्यानं नंतर दरबारातल्या माणसांची रेखाटनं केली. तो वारला १७९५ मध्ये. त्याच्या रेखाटनांवरून डॅनियलनं इंग्लंडमध्ये चित्र रंगवलं. चित्रातले चेहरे प्रत्यक्ष पाहून काढलेले असू शकतात, पण तो क्षण कुणीच पाहून काढलेला नाही. म्हणून हे चित्र १७९० च्या दरबाराचा पुरावा म्हणून फार जपून वापरावं लागतं. उलट १८०५ मध्ये इंग्रजांना आपला पुण्यातला प्रवेश कसा आठवायचा होता, याचा ते उत्तम पुरावा आहे. याच वेळी मॅलेटच्या आश्रयानं गंगाराम तांबट हा पुण्याचा कलावंत इंग्रजी पद्धतीचं रेखाटन शिकला आणि वेल्सचा सहायक म्हणून काम करू लागला. पेशव्यांच्या शिकारखान्यातले प्राणी, वेरूळची लेणी अशी त्याची चित्रं आज येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. तांबटांच्या घरातला माणूस या कलेत कसा शिरला, हा स्वतंत्र विषय होऊ शकतो. कुणाला हवा असेल तर घ्या.

आता साहित्याकडे वळू. याच नाना फडणविसांनी स्वतःचं चित्र शब्दांतही काढलंय. त्यांचं आत्मवृत्त छोटं आहे. लहानपण, वडिलांचा मृत्यू, तरुणपणातल्या स्वतःच्या कमजोऱ्यांची कबुली, भाऊसाहेबांबरोबर उत्तरेकडं प्रस्थान आणि १७६१ च्या पानिपतावरून जीव वाचवून परत येणं. त्यात घाबरलेला, आई हरवलेला, देवाचा धावा करणारा एक तरुण आहे. वेल्सच्या चित्रातला धोरणी कारभारी आणि या लिखाणातला हा पोरगा एकच माणूस, मध्ये तीस वर्षं.

खरा नाना कुठला? हा प्रश्न चुकीचा आहे. एक चित्र दरबाराला आणि परदेशी पाहुण्याला दाखवायला बनलं, दुसरं देवासमोर आणि स्वतःसमोर मांडलेलं. दोन्ही खरी, पण दोन्हींचा श्रोता वेगळा. पुरावे एकमेकांशी भांडतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांचे श्रोते वेगळे असतात, हे लक्षात ठेवलं तर प्रबंधातली निम्मी कोडी सुटतात.

महाराजांचा चेहरा

महाराष्ट्रात ज्या एका चेहऱ्यावर सगळ्यात जास्त लिहिलं-बोललं गेलं तो शिवाजी महाराजांचा. घराघरांत, शाळेत, रिक्षाच्या मागं. तो चेहरा आला कुठून?

महाराजांच्या काळाच्या जवळची म्हणून जी चित्रं ओळखली जातात त्यांतली बरीच युरोपात आहेत. इटालियन प्रवासी मनुची याच्यासाठी मीर मुहम्मद या चित्रकारानं राजे-सरदारांची चित्रं केली, त्यात घोड्यावरचे शिवाजी महाराज आहेत. तो संग्रह पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये विट्सेन या डच गृहस्थाचा चित्रसंग्रह आहे, त्यातही महाराज आहेत. १७२४ ते १७२६ या काळात फ्रान्स्वा व्हॅलेंटाइन याचा डच भाषेतला मोठा ग्रंथ छापला गेला, त्यात महाराजांचं चित्र होतं. वा. सी. बेंद्रे यांनी हे चित्र १९३३ मध्ये लोकांसमोर आणलं. त्याआधी दुसऱ्याच एका माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं.

दख्खनमध्ये, विशेषतः गोवळकोंड्याला, असे चित्रसंच युरोपीय व्यापाऱ्यांना विकण्यासाठी तयार होत. एका नमुन्यावरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं. म्हणून 'समकालीन चित्र' या शब्दाचा अर्थ 'समोर बसवून काढलेलं चित्र' असा घाईनं लावू नका. त्या काळातलं आहे, एवढंच तो शब्द सांगतो.

आता शब्दचित्र जोडू. सुरतेच्या इंग्रज वखारीतला पाद्री एस्कॅलियट यानं १६६४ मध्ये इंग्लंडला पत्र लिहिलं. ज्यांनी महाराजांना पाहिलं होतं त्यांच्याकडून ऐकून त्यानं वर्णन केलंय: उंची बेताची, बांधा प्रमाणबद्ध, नजर तीक्ष्ण, वर्ण इतरांपेक्षा उजळ, बोलताना हसल्यासारखे दिसतात. लुटीनं हादरलेल्या वखारीतला माणूस हे लिहितोय, हे विसरू नका. तरी त्याच्या वर्णनात हसू आलंय. विरोधी गोटातून आलेली अशी माहिती आपण जास्त वजनाची मानतो, कारण स्तुती करण्यात त्याचा काही फायदा नव्हता.

आणि आपल्याकडची बखर? राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासदानं जिंजीला बखर लिहिली. सभासद महाराजांच्या काळातला माणूस. पण चेहऱ्यावर तो रेंगाळत नाही. त्याचे महाराज गड घेतात, माणसं जोडतात, व्यवस्था लावतात. पुन्हा तेच: म्हाइंभटांसारखंच, माणूस म्हणजे त्याची करणी.

पुढं १८६९ मध्ये जोतीराव फुल्यांनी पोवाडा लिहिला आणि महाराजांना कुळवाडीभूषण म्हणून उभं केलं, म्हणजे शेतकऱ्याचा राजा. १९६८ मध्ये रणजित देसाईंची 'श्रीमान योगी' आली. तिची प्रस्तावना नरहर कुरुंदकरांची, देसाईंना लिहिलेल्या पत्राच्या रूपात. कुरुंदकर कुरुंद्याचे, तेव्हा परभणी जिल्हा, आता हिंगोली. म्हणून आपल्या भागातल्या विद्यार्थ्यानं ही प्रस्तावना तरी वाचलेली असावी. व्यक्तिचित्र लिहिणाऱ्याला कसे प्रश्न विचारावेत याचा तो वस्तुपाठ आहे. एका कर्त्या पुरुषाचं मोठेपण कशात शोधायचं, राज्य मिळवणं तर अनेकांना जमलं, मग राजा गेल्यावरही लोक ते राज्य आपलं मानून लढत राहिले हे कशामुळे, अशा दिशेनं ते विचार करतात. यात नाक-डोळे कुठेच नाहीत. तरी चित्र आहे.

१९३३ आणि १९३६

या दोन तारखा मी मुद्दाम शेजारी ठेवतोय. १९३३ मध्ये बेंद्रे कागदपत्रांतून महाराजांचा अस्सल चेहरा शोधून देतात. १९३६ मध्ये प्रभातचा 'संत तुकाराम' येतो आणि विष्णुपंत पागनीसांच्या रूपात महाराष्ट्राला तुकोबांचा चेहरा मिळतो. तो लोकांच्या मनात इतका बसला की पुढं तुकोबा म्हटलं की अनेकांना पागनीसच दिसू लागले. १९३७ मध्ये हा सिनेमा व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला.

एक चेहरा पुराव्यातून आला, दुसरा अभिनयातून. मार्ग उलटे, पण भूक एकच: आपल्या मोठ्या माणसांना आता चेहरा हवा. ही भूक आधी इतकी नव्हती. तीनशे वर्षं वारकऱ्यांनी अभंग म्हटले, तुकोबांचं नाक कसं होतं यावाचून कुणाचं अडलं नाही. मग विसाव्या शतकातच का अडलं? माझ्या मते याचं उत्तर कॅमेऱ्यात आणि छापखान्यात आहे. रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू केला आणि देवांची रंगीत चित्रं घरोघर गेली. शहरांत फोटो स्टुडिओ निघाले. एकदा शेजाऱ्याचा फोटो भिंतीवर आला की संतांचाही हवासा वाटतो. साम्य ही कसोटी आपल्या मनात कॅमेऱ्यानं पक्की केली आणि मग आपण ती मागच्या सगळ्या शतकांना लावू लागलो.

आपल्या मराठवाड्यात याला आणखी एक पदर आहे. इंग्रजी मुलखात चांदीच्या रुपयावर राणीचा, नंतर राजाचा चेहरा होता. आपल्याकडं निजामाचा हाली सिक्का. त्याच्यावर चेहरा नाही. चारमिनार, आणि कमानीत राज्यकर्त्याच्या नावाचं आद्याक्षर. म्हणजे सोलापूरच्या शेतकऱ्याच्या कनवटीला राजाचा चेहरा होता, परभणीच्या शेतकऱ्याच्या कनवटीला इमारत आणि एक अक्षर. सहाव्या निजामाच्या दरबारात राजा दीनदयाळ यांच्यासारखा नामवंत छायाचित्रकार होता, फोटो भरपूर निघत होते, पण ते महालातल्या भिंतींसाठी. रयतेच्या हातात चेहरा नव्हता. १९४८ पूर्वीच्या मराठवाड्यात सत्ता कशी 'दिसत' होती, यावर कुणी काम करत असेल तर सुरुवात नाण्यापासून करावी.

ज्यांचं चित्रच नाही

गंगाखेड परभणी जिल्ह्यातलं. जनाबाईचं गाव. जनाबाई म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काय येतं? जातं ओढणारी बाई आणि तिला हात लावणारा विठ्ठल. हे चित्र कुठल्याही चित्रकारानं तिला बघून काढलेलं नाही. ते तिच्या नावावरच्या अभंगांतून आलं. म्हणजे शब्दांतून रंगात. आणि त्यात एक गोष्ट बघा: तिची ओळख तिच्या कामावरून आहे. राजाला सिंहासन, जनाबाईला जातं.

दळणाऱ्या बायकांनी जात्यावर ज्या ओव्या म्हटल्या त्यांचा मोठा संग्रह हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी केला, लाखाहून जास्त ओव्यांचा. 'पारी' या संकेतस्थळावर त्या आता ऐकायला मिळतात. आपल्या शेजारच्या ताडकळसच्या ओव्याही त्यात आहेत. या ओव्यांत भाऊ आहे, आई आहे, सासर आहे, बाबासाहेब आहेत. भाऊ येतो तेव्हा ओवीत त्याचं मंदील दिसतं, चाल दिसते, हातातली चोळी दिसते. चेहरा नाही. वीरगळासारखंच: ठरलेल्या खुणा, पण म्हणणारीला माहीत असतं की हा माझाच भाऊ. माझा दावा असा की ओवी हे व्यक्तिचित्रच आहे, आणि ज्या बायकांचा स्वतःचा एकही फोटो नाही त्यांनी ते काढलंय. संग्रहालयात याला जागा नसेल, प्रबंधात असायला हवी.

छापील साहित्यात सामान्य माणसाचं व्यक्तिचित्र उशिरा आलं. श्री. म. माटे यांचं 'उपेक्षितांचे अंतरंग' १९४१ चं. व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' १९४९ चं. धर्मा रामोशी, झेल्या, रामा मैलकुली ही नावं मराठी वाचकाला तोंडपाठ झाली. पु. लं.चं 'व्यक्ती आणि वल्ली' १९६२ चं, त्यात कल्पनेतली माणसं. तर 'गणगोत'मध्ये खरीखुरी. हा फरक विद्यार्थी हमखास विसरतात. नारायण हा पुरावा नाही, नमुना आहे. त्यावरून लग्नघरातल्या कामसू माणसाबद्दल समाजाला काय वाटे ते सांगता येतं, एखाद्या नारायणाबद्दल नाही.

पण माटे, माडगूळकर यांच्याबद्दल एक प्रश्न उरतोच. चित्र काढणारा एक, चित्रातला दुसरा. रामोश्याचं चित्र रामोश्यानं काढलं असतं तर कसं असतं? १९७८ मध्ये दया पवारांचं 'बलुतं' आलं तेव्हा या प्रश्नाचं उत्तर मिळू लागलं. तिथं लेखक स्वतःच दोन होतो: शिकलेला दया आणि गावकुसाबाहेरचा दगडू, एक सांगतो, दुसरा ऐकतो. चित्र काढणारा आणि चित्रातला एकाच माणसात आल्यावर चौकटीचं काय होतं हे बघायचं असेल तर हे पुस्तक वाचा.

तुमच्या कामासाठी

व्यक्तिचित्र साधन म्हणून वापरताना मी पाच प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत.

१. हे कुणी करवून घेतलं आणि खर्च कुणाचा?
२. काढणाऱ्यानं माणूस पाहिला होता का, की ऐकून वा दुसऱ्या चित्रावरून काढलं?
३. घटना, रेखाटन आणि अंतिम चित्र यांच्या तारखा वेगवेगळ्या काय आहेत?
४. बघणारा-ऐकणारा कोण अपेक्षित होता?
५. चौकटीबाहेर कोण राहिलं?

पाचवा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण त्याचं उत्तर चित्रात नसतंच. ते शोधायला ओवीकडं, टाकाकडं, वीरगळाकडं, सातबाऱ्याकडं जावं लागतं.

एक छोटा सराव सांगतो. लांब जायची गरज नाही. तुमच्या गावातली शाळा, ग्रामपंचायत आणि दोन-तीन घरं निवडा. भिंतीवरच्या प्रत्येक तसबिरीची नोंद करा: कुणाची आहे, कुठल्या उंचीवर आहे, चित्र की फोटो, चौकटीवर 'यांच्या स्मरणार्थ' म्हणून कुणाचं नाव रंगवलंय, कधी आणली. घरात पुरुषांचे फोटो किती, बायकांचे किती, आणि त्यांतले हार घातलेले किती? पिंगळीसारख्या गावात हे काम दोन दिवसांत होतं. बऱ्याच घरांत तुम्हाला दिसेल की म्हातारीचा मोठा फोटो ती गेल्यावर झाला, आणि तोही ओळखपत्रावरचा छोटा फोटो वाढवून. म्हणजे सरकारनं ओळख पटवण्यासाठी काढलेला फोटो घरानं आठवणीसाठी वापरला. रेशनकार्डाच्या रांगेत घाबरून कॅमेऱ्याकडं बघणारी बाई आता भिंतीवरून नातवंडांकडं बघते. एकाच चित्राचे दोन श्रोते, नानांसारखेच.

त्या नोंदींच्या शेजारी, ज्यांचा फोटो नाही अशा घरातल्या एका माणसाबद्दल घरच्यांना विचारा: 'त्या कशा होत्या?' उत्तर जसंच्या तसं लिहा, बोलीसकट. कुणी नाक-डोळे सांगणार नाही. 'लई राबायची', 'कुणाला उपाशी जाऊ देत नव्हती', 'चालायला लागली की मागं टाकायची' असं सांगतील. म्हाइंभट असंच विचारत फिरले होते. तुमच्या वहीत जे येईल ते त्या बाईचं पहिलं व्यक्तिचित्र असेल, आणि सांगणारी माणसं आज हयात आहेत. वीरगळाचं जे झालं ते होण्याआधी एवढं काम उरकून घ्या.